ठिगळांची नवरी

खोडदच्या स्वराजला आधी विचारायची म्हणून रीतच नाही, असं साळुबाईचं ठाम मत होतं. अंगणात आला, दोरीवरच्या जुन्या हिरव्या लुगड्याला हात घातला आणि मग म्हणाला, "मावशी, हे नेतो. जत्रेच्या नाटकाला पायजे."

तेवढ्यात साळुबाईची लेक हर्षाली कपडे काढायला आली. लुगड्याचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्याच्या मुठीत... दोघंही सोडेनात.

"कसलं नाटक म्हणं?"

"एक शास्त्रज्ञ मेलेल्या बायांचे तुकडे जोडून स्वतःसाठी नवरी बनवतो. विजेचा झटका दिला की उठते. तू होशील का नवरी?"

"बोलती काय ती?"

"नाय... नुसती बघती. मग तो तिला जाळतो."

"मग बुजगावणं उभं कर की!" हर्षाली हसली. पण लुगडं तिनंच सोडलं.

साळुबाईनं ठिगळाला ठिगळ जोडून गोधडीसारखा पोशाख शिवला. तालमीहून लेक गुणगुणत यायची, आरशापुढं उगाच रेंगाळायची. आईला काय कळायचं राहतंय? धास्ती एकच — मुकी नवरी लिहिणारा घरातही मुकीच मागणार.

जत्रेला मंडप गच्च भरला. वीज चमकली, नवरी उठली. शास्त्रज्ञ झालेला स्वराज गरजला, "मी तुला बनवलं. तू माझी!"

इथं तिनं गप्प राहायचं होतं.

"शिवलं माझ्या आईनं," हर्षाली म्हणाली. "तू नुस्तं बटण दाबलंस."

मंडपात हशाच हशा. साळुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. स्वराजच्या हातात पेटता पलिता... आता हा चिडणार!

त्यानं तो पाण्याच्या बादलीत बुडवला. फुस्स!

"मग... तुझं म्हणणं काय?" हे काही लिहिलेलं नव्हतं.

"आधी इचारायचं. उठायचंय का, ऱ्हायचंय का — कुणासंगं ऱ्हायचंय."

"माझ्यासंगं... ऱ्हाशील?"

"नाटकात का खरं?"

"खरं." त्याचे कान लालभडक झाले होते.

"मी लई बोलते."

"बोल की... ऐकतो."

"मग — हो."

शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. साळुबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. पडदा पडल्यावर दोघं पाया पडायला आली, तेव्हा मात्र तिनं कपाळाला आठी घातली.

"उठा, पावणं. नाटक तुमचं भिकार व्हतं. पर पलिता इझवलात, तवा जावई म्हणून पास. ती ठिगळं धुऊन आणा. तुमच्या लग्नाची गोधडी त्यांचीच शिवते... हर्षालीला इचारून."