सव्वीसवर ठेवा, काका

मे महिन्यातली दुपार, नगरला बेचाळीस डिग्री ऊन, आणि सावेडीतल्या त्या खोलीत माणूस कानटोपी घालून बसला होता! अंगावर दुलई, पायात मोजे... आणि भिंतीवरचा एसी सोळावर.

"मशीन गारच करीत न्हाई," काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

माझ्या मागे कुणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं तर दारात एक उंच, सावळा मुलगा घामाने निथळत उभा. "हे माझे वडील, हनुमंतराव. ते उत्तर ध्रुवावर असतात. मी समर्थ. बाहेरच्या खोलीत, विषुववृत्तावर."

"भूगोलाचे मास्तर का?"

"तुम्हाला कसं कळलं?" तो चपापला. मला हसू आवरेना.

मी जया दहिफळे, पाथर्डी तालुक्यातली. आयटीआयला एसी-फ्रिजचं काम शिकले आणि नगरला सुनीलशेठच्या दुकानात मेकॅनिक म्हणून लागले. दुकानात मुलगी मी एकटीच. माझ्या पगाराच्या आधारावर यंदा आईबाप ऊसतोडीला गेले नव्हते, त्यामुळे मी गिऱ्हाइकाशी फार जपून बोलायची. पण दुलई पाहून राहवलं नाही.

"काका, सोळावर लावलं म्हणून खोली लवकर गार होत न्हाई. मशीन आपल्याच चालीनं चालतं. उलट सोळा गाठायच्या नादात थांबतच न्हाई. सव्वीसवर ठेवा, पंखा एकवर सोडा. तेवढंच गार वाटतं, अन् वीज किती वाचती!"

"पोरी," काका म्हणाले, "बत्तीस वर्षं एसटी चालवली. इंजिन हितं, मांडीला खेटून. उन्हाळ्यात भाजून निघायचो. आता मला सोळाच पाहिजे."

मी फिल्टर धुतला आणि निघाले. समर्थ फाटकापर्यंत आला.

"मॅडम, फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?"

"पंधरा."

"इकडे धूळ फार आहे हो... आठ दिवसांनी धुतला तर?"

"धुवा की. नळाखाली धरायचा असतो, बास."

"मला — नाही जमणार," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

बरोब्बर आठव्या दिवशी तक्रार आली. एसीचा आवाज येतोय म्हणे. मी गेले तर काका झोपलेले आणि मशीन शांत.

"कुठाय आवाज?"

"आत्ताच थांबला. तुम्ही आलात ना!"

त्याने लिंबाचं सरबत पुढे केलं. साखर विसरला होता. मी तोंड वाकडं न करता प्यायले... का, ते माझं मलाच ठाऊक. मग तो हळूच म्हणाला, "बाबांच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही. झोपेत कण्हतात, पण ऐकत नाहीत. रिमोटवर सोळा दिसेल आणि खरं सव्वीस चालेल, असं काही करता येईल?"

"माणसाला फसवायचं काम आमी करत न्हाई."

"त्यांच्या भल्यासाठीच..."

"मग तर तोंडावर सांगा."

"तोंडावर सांगून ऐकत असते, तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"आवाज येतो म्हनून बोलावलं ना, सर?"

मी पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर येईपर्यंत हसू दाबून धरलं.

पुढे त्याने काय केलं, ते मला नंतर कळलं. तसलाच दुसरा रिमोट आणला. काका सोळा लावून कूस बदलायचे, की हा दाराच्या फटीतून सव्वीस करायचा. काकांच्या रिमोटवर सोळाच दिसायचं, आणि मशीनवरच्या आकड्याचा दिवा याने बंदच करून ठेवला होता. एकच गोष्ट त्याला थांबवता आली नाही. बटण दाबलं की एसी 'टिं' वाजायचा!

नवव्या दिवशी काका जागे होते. टिं! त्यांनी मशीनकडे पाहिलं, रिमोटकडे पाहिलं आणि तडक दुकानात फोन लावला. "तुमच्या पोरीनं मशीनला काय केलंय? आपोआप वाजतंय, आकडा दिसंना!"

सुनीलशेठने मला बोलावलं. "उद्यापासून घरोघरी जायचं नाही. काउंटरला बस. महिनाअखेरीला बघू ठेवायचं की नाही ते."

"मी काहीच केलं न्हाई, शेठ."

"मग गिऱ्हाईक खोटं बोलतंय?"

दोन दिवस काउंटरला बसले. बाकीचे मेकॅनिक नुसते हसले. रडू यायचं, ते गिळायची. आणि राहून राहून वाटायचं, त्या लाल कानाच्या माणसाला खरं माहीत असेल का? असेल तर तो गप्प कसा?

तिसऱ्या दिवशी त्याने फिल्टर धुण्यासाठी फोन केला. "जयामॅडमनाच पाठवा," म्हणाला. तेव्हा शेठकडून त्याला सगळं कळलं.

अर्ध्या तासात बापलेक दुकानात हजर. काकांनी काउंटरवर दोन रिमोट आपटले.

"शेठ, पोरीची काय बी चूक न्हाई. चोर ह्यो हाय! आठ दिस मला सव्वीसवर झोपिवलं ह्यानं. अन् मी येडा, रोज उठून म्हनतोय, काय गारवा हाय!"

दुकानभर हशा पिकला.

"काका, अन् गुडघे?" मी विचारलं.

"नाव काढू नको." काका ओशाळले. "दुखायचे थांबलेत. त्याचाच तर जास्त राग आलाय!"

शेठने तिथल्या तिथे हत्यारांची पिशवी माझ्या हातात दिली. समर्थ पुढे आला. "माझं चुकलं, मॅडम. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी मी..."

"तुमच्या लबाडीपायी माझे आईबाप परत उसाच्या फडात गेले असते, सर."

त्याचा चेहरा उतरला. एकही विनोद न करता तो खाली मान घालून निघून गेला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी गावी जायला माळीवाड्याच्या स्टँडवर पाथर्डीची गाडी पकडली. खिडकीशी बसते न बसते तोच शेजारी कुणीतरी अंग चोरून बसलं. समर्थ! इस्त्रीचा शर्ट, घामाने आधीच चुरगळलेला.

"कुठं निघालात?"

"तुमच्या आईवडिलांची माफी मागायला. आणि — जमलं तर — तुमचा हात मागायला."

माझ्या मांडीवरची पिशवी खाली पडली. खड्डा नव्हता. गाडी अजून सुटलीच नव्हती.

"मला विचारलंत का आधी?"

"त्यासाठीच तर शेठना तुमच्या गाडीची वेळ विचारून ह्या गाडीत बसलो. या वेळी सगळं तोंडावर सांगायचं ठरवलंय." त्याने खिशातून तिकीट काढून दाखवलं. "वाटेतल्या करंजीपर्यंतचंच काढलंय. तिथवर विचार करा. नाही म्हणालात, तर उतरतो आणि परत जातो. पुन्हा तक्रार करणार नाही... एसीचीसुद्धा."

गाडी सुटली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तो शेजारी परीक्षेला बसल्यासारखा ताठ. मेहेकरी गेलं. घाट लागला. एका वळणावर त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि त्याने घाईघाईने "सॉरी" म्हटलं. पुढच्या वळणावर माझा लागला. मी तो तसाच राहू दिला.

घाट उतरून करंजी आलं. मी अजून खिडकीबाहेरच बघत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो उठला.

मी हात वर केला. "कंडक्टर, एक पाथर्डी द्या."

"ताई, तुमचं हाफ तिकीट दिलंय की मघाशी!"

"माझं न्हाई ओ," मी समर्थची बाही धरून त्याला खाली बसवलं. "ह्यांचं. फुल द्या."