डावीकडची कॅप

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या पिकअपचं मागचं एक चाक भोवऱ्यासारखं फिरत होतं आणि दुसरं, मानपान राहिलेल्या जावयासारखं, ढिम्म बसून होतं. गॅरेजच्या वरच्याच चढावर, जिथं बारा महिने झऱ्याचं पाणी झिरपतं, तिथं.

"जरा धक्का देता का?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"मागे काय भरलंय?"

"काच."

"मग धक्का नको. दोर आणते."

दोर आला, गाडी निघाली. पण गाडीवाला काही निघेना. पुढच्याच आठवड्यात दार कुरकुरतं म्हणून आला. मग आरसा हलतो म्हणून. मग हॉर्न बसलाय म्हणून... आणि तो बसलेला हॉर्न तिनं दाबला तर झाडावरचे कावळे उडाले. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, भांडं सगळ्यांना दिसत असतं.

"गाडीला काही झालेलं नाही," गॅरेजचे मालक, म्हणजे तिचे मामा, चष्मा पुसत म्हणाले. "गाडीवाल्याला झालंय."

आजूबाजूचे लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणत आणि जरा वचकूनच असत. काचवाला तेवढा वचकत नसे. पण तोही 'अहो', 'तुम्ही' यांच्या पुढे एक पाऊल सरकला नव्हता. तीही नाही. दोघंही हिशेबी. समोरच्यानं आधी बोली लावावी म्हणून बसलेली.

आणि आता बसायला वेळ उरला नव्हता.

टेकडीवर रोपांसाठी मोठं काचघर उभं राहत होतं. काचांची पहिली खेप आज अंधारायच्या आत वर पोचली, तर पुढचं सगळं काम त्याचं. नाही पोचली, तर दुकानाला कुलूप आणि लांबच्या शहरात थोरल्या भावाच्या हाताखाली नोकरी. हे त्यानं हसत सांगितलं होतं. तिनं हसत ऐकलं नव्हतं.

"लॉकर बसवा," ती म्हणाली होती. "तुमच्या मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या त्या गोळ्याचा, स्वभावच वाईट. जे चाक घसरतं त्यालाच सगळी ताकद देऊन बसतं. लॉकरचं बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. फिरली तर दोन्ही फिरतील."

"आणि घसरली तर?"

"तर दोन्ही घसरतील. पण एकटं कुणी नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला होता... आणि तिनं उगाचच पाना पुसायला घेतला होता.

तर काल मागचा आख्खा ऍक्सल उतरवून लोखंडी घोड्यांवर ठेवला, जुना गोळा काढून नवा बसवला. डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला हातात हात नसला तरी हाताखाली तो. आज ऍक्सल गाडीखाली चढला, तेल भरलं, काचा चौकटीत उभ्या बांधल्या. तो स्टिअरिंगवर बसला. ती हत्यारं आवरायला वळली.

भिंतीवरच्या खिळ्याला लोखंडावर ठिपका पाडायचा पंच लटकत होता. स्वच्छ. कोरा.

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

ऍक्सलच्या आतला तो गोळा दोन बेअरिंगवर बसतो आणि प्रत्येक बेअरिंगला वरून एक लोखंडी कॅप धरून ठेवते. दोन्ही कॅप दिसायला जुळ्या बहिणी, पण घर एकीचं एक, दुसरीचं दुसरं. अदलाबदल झाली तर बेअरिंग आवळतं, तापतं आणि ऐन चढावर दगा देतं. म्हणून काढायच्या आधी पंचानं खूण करायची. डावीला एक ठिपका, उजवीला दोन. काल ती हातोडी उचलतच होती, तेवढ्यात हा म्हणाला, "नाकावर ग्रीस लागलंय... पुसू नका, राग लपतोय त्यानं." ती हसली. पंच खिळ्यावरच राहिला.

एवढ्या हसण्याची किंमत आता चढावर कळणार होती.

"उतरा खाली," ती म्हणाली.

"आता?"

"आत्ता! कॅपना खूण करायची राहिलीय. डावी कुठे, उजवी कुठे, मला सांगता येत नाही."

"तुझ्याकडून राहिली?" मामा उठूनच उभे राहिले. "अगं, तू तर कपबशीलासुद्धा ठिपका मारशील!"

काचवाला उतरला. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं. उन्हं टेकडीच्या खांद्यावर गेली होती.

"बरोबर बसल्यात कॅप," तो म्हणाला. "मी केली होती खूण. काचेवर लिहायच्या पांढऱ्या पेन्सिलीनं. न खुणावता काही उतरवायची सवयच नाही मला. तुम्ही जिकडचा हात पुढे केलात, तिकडची दिली."

"मग काल का नाही बोललात?"

"तुम्ही... कामात होता."

"काय खूण केलीत? 'डा' आणि 'उ'?"

"तसंच काहीतरी."

"तसंच काहीतरी म्हणजे?"

"खूण म्हणजे... खूण. उघडू नका ना. उशीर होतोय."

त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलणाऱ्याचे होतात तसे. तिची चूक झाकायला हा माणूस काचा, दुकान, सगळं पणाला लावतोय असं तिला वाटलं, आणि तिचा राग ग्रीसला न जुमानता नाकावर आला.

"माझी लाज राखायला खोटं बोलू नका. चढावर गाडी मागे आली तर..."

"तर काय?"

"तर काच फुटेल!"

"फक्त काच?"

तिनं तेलाची परात ओढली आणि गाडीखाली सरकली.

तेल जाड धारेनं उतरू लागलं, सावकाश, जणू त्याला कुठंच जायचं नव्हतं. मागचं झाकण निघालं. जिथं कॅप आणि तिचं घर एकमेकांना भेटतात त्या सांध्यावरून तिनं नख फिरवलं. कॅप परकी असेल तर नख अडतं. डावीकडे... नाही अडलं. उजवीकडे तिनं श्वास धरला. तिथंही नाही.

मग तिनं बॅटरी खालून वर मारली. काल ती वरून काम करत होती, खालची कड दिसलीच नव्हती. डाव्या कॅपच्या कडेवर, तेलानं अर्धवट पुसलेलं, पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं:

तू

उजवीवर:

मी

इतके दिवस 'तुम्ही'. आणि इथं, जिथं कुणी कधी बघणार नाही, तिथं 'तू'.

गाडीबाहेर त्याच्या चपला अस्वस्थपणे जागा बदलत होत्या.

"काय दिसलं गं?" मामांनी विचारलं.

"खूण आहे, मामा."

"बरोबर आहे का?"

तिनं बॅटरी पुन्हा एकदा डावीकडे नेली.

"...बरोबर आहे."

चपला थबकल्या.

"पंच द्या इकडे. आणि हातोडी," ती खालूनच म्हणाली. "पेन्सिल तेलात टिकत नाही."

पंच पुढे आला. देणाऱ्या बोटांनी तो लगेच सोडला नाही, घेणारीही काही फार घाईत नव्हती. मग गाडीखालून आवाज आला. टक. आणि थोड्या वेळानं, टक-टक.

"आता हे या जन्मी पुसायचं नाही," मामा आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले आणि चष्मा पुसायला लागले.

झाकण लागलं, तेल भरलं, आणि ती न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसली. उजेड पिवळा, पातळ झाला होता. झऱ्यापाशी चिखल चकाकत होता. चढाच्या पायथ्याशी त्यानं गाडी उभी केली. मागे काचा हलकेच किणकिणल्या आणि गप्प झाल्या.

"नियम पाठ आहे?" तिनं विचारलं.

"चाक घसरायला लागल्यावर बटण दाबलं तर लॉकरचे दात तुटतात. आधी थांबायचं. मग बांधायचं."

"मग?"

"थांबलोय की." त्याचा आवाज खाली आला. "हॉर्न दाखवायला आलो, तेव्हापासून थांबलोय. तुम्ही... म्हणजे... ते खाली वाचलंत ते..."

ती समोर चिखलाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली,

"दाब."

दाबा नाही. दाब.

त्याच्या ते ध्यानात यायला क्षणभर लागला. बोट बटणावर गेलं. खट... लाल दिवा लागला. गाडी निघाली. झऱ्याच्या पाण्यात मागचा भाग एकदा डावीकडे घसरला, काचा झणझणल्या, तिच्या हातानं त्याचं मनगट कधी धरलं ते कुणालाच कळलं नाही. मग दोन्ही चाकांनी एकदमच जमीन धरली. चिखल उडाला, इंजिन कण्हलं, आणि चढ पायाखालून हळूहळू मागे गेला.

वर काचघराचा सांगाडा दिसला. दारात मुकादम अजून उभा होता. अंधाराला अजून थोडा अवकाश होता.

"तू मला 'दाब' म्हणालीस," तो म्हणाला. काचा वाचल्याचं त्याला काहीच नव्हतं.

"बटण सोड आता. सपाटीवर बांधून ठेवायचं नसतं. वळणावर दोघांना आपापलं फिरू द्यायचं."

"आणि पुन्हा चढ आला तर?"

तिनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"तर थांबायचं," ती म्हणाली, "आणि मला हाक मारायची. हॉर्न चांगला आहे तुझा."