टायरच्या खुणा तुटल्या तिथे

फोन आला तेव्हा हवाई अपघातांची चौकशी करणारी मेजर कलिओपी वरेला जेवायलाही बसली नव्हती. ग्रीसमधल्या थेसलीच्या हवाई तळावर उतरणारं लढाऊ विमान टोकाशी धावपट्टी ओलांडणाऱ्या दुसऱ्या विमानावर आदळलं होतं. त्या दुसऱ्यातला वैमानिक लुकास आत अडकला आणि जळून मेला.

ती तळात शिरली आणि मागे फाटक बंद झालं. चौकशी संपेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही, असा तळप्रमुख माव्रोयानिसचा हुकूम होता. उतरणारा वैमानिक अर्गिरिस एका बिनखिडकीच्या खोलीत कोंडलेला. त्याने ब्रेक उशिरा लावले, असं सगळे पढवल्यासारखे सांगत होते. तसं ठरलं तर त्याला तुरुंग अटळ होता.

"ब्रेक कधी लावलेस?"

"चाकं टेकताच. धरलेही होते. मग विमान एकदम घसरलं, मॅडम." भिंतीशी बसलेल्या अर्गिरिसने वर पाहिलं. "लुकास माझ्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता होता."

बाहेर ऑगस्टचं ऊन. डांबर तव्यासारखं तापलेलं, पाऊस तर कित्येक दिवसांत नव्हता. टायरच्या काळ्या खुणा चाकं टेकली तिथूनच ठळक सुरू होत होत्या, मध्येच बऱ्याच अंतरात गायब होत्या आणि पुढे पुन्हा उमटल्या होत्या.

तळाच्या अग्निशमन बंबाचा चालक स्तेर्गिओस नजर चुकवत होता.

"आग विझवताना पाणी संपलं म्हणे?"

"गळती असेल."

"टाकीला?"

तो बंबाची नळी गुंडाळू लागला. या तळावर सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप होतं.

माव्रोयानिसने मात्र स्वतः कॉफी पुढे केली. निवृत्तीआधीचं त्याचं शेवटचं उड्डाण त्याच सकाळी झालं होतं.

"मग बंबाखाली न्हाऊ घातलं की नाही तुम्हाला?" तिने हसून विचारलं. शेवटच्या उड्डाणानंतर वैमानिकाला बंबाच्या पाण्याने भिजवायची ही रीत कुठल्याच तळावर चुकत नाही.

"कसलं न्हाणं, पोरी. अपघातच झाला ना."

खिडकीत त्याचे उड्डाणाचे बूट वाळत होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.

तिने स्तेर्गिओसला तिथेच बोलावून घेतलं.

"ब्रेक उशिरा लावले असते, तर खुणा सुरुवातीलाच उमटल्या नसत्या; निकामी असते, तर पुढे पुन्हा उमटल्या नसत्या," ती म्हणाली. "मधला पट्टा ओला होता. टायर तिथे पाण्यावर तरंगले. पाऊस नव्हता, म्हणजे पाणी बंबाचं. न्हाणं विमानं उभी करायच्या जागी घालतात, पण साहेबांना ते भर धावपट्टीवर हवं होतं. पट्टी सुकायच्या आत अर्गिरिस उतरला. ऊन तापलं आणि पुरावा वाळून गेला. बूट तेवढे वाळले नाहीत."

"मी म्हटलं होतं, साहेब," स्तेर्गिओस रडू लागला. "टाकी भरून येतो म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी फोटो काढू."

माव्रोयानिसने मान खाली घातली. "उद्या मी घरी जाणार होतो," तो पुटपुटला.

कलिओपीने कोंडलेल्या खोलीचं दार स्वतः उघडलं आणि अर्गिरिसला सगळं सांगितलं. सुटकेबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही.

"बंबात पाणी असतं, तर लुकास वाचला असता?"

तिला खोटं बोलवेना. "हो."

दार सताड उघडं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पुन्हा खाली बसला.