तिरका ओळंबा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. "गवंड्याची चूक" असा शेरा मारून मोकळे झालात, आणि त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडला नाहीत.

ही घटना खरी आहे. याच थंडीतली, हॉस्पिटलमागच्या नर्सेसच्या क्वार्टर्समधली. तीही भर दुपारची. रात्रीची वाट बघायची तिला गरजच पडली नाही.

गवंड्याची धाकटी बहीण नर्स. पदरात तीन महिन्यांचं पोर. तळमजल्यावरचं क्वार्टर मिळालं तेव्हा हरखून गेली होती. आतल्या खोलीची आडभिंत तेवढी पडलेली. ती बांधायचं काम हॉस्पिटलच्या ऑफिसने गवंड्यालाच दिलं.

त्याने बांधली. प्रत्येक थराला ओळंबा लावून. गवंडी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही; दोरीला टांगलेल्या त्या लोखंडी वजनावर ठेवतो.

काम संपलं. मागे सरकून बघतो तर...

भिंत तिरकी.

"दादा, थोडी लावून आला होतास का?" बहीण हसली.

"चहा घेतलाय फक्त. तोही तुझ्या हातचा, पाणचट."

पाडली. पुन्हा बांधली. पुन्हा तिरकी, त्याच बाजूला... मागच्या कोपऱ्याकडे.

मग त्याने ओळंबा छताच्या हुकाला टांगला आणि हात काढून घेतला.

ओळंबा हलला. थांबला.

सरळ नाही थांबला. कोपऱ्याकडे झुकून थांबला... कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा.

पंखा बंद. खिडकी बंद.

त्याने बोटाने मध्ये आणला. सोडला.

तो परत गेला... सावकाश.

गवंडी तसाच ऑफिसात गेला आणि साहेब, तुम्हाला घेऊन आला. तुम्ही व्हरांड्यातच थांबलात. तिथे ओळंबा शहाण्यासारखा सरळ.

"हा तर बरोबर आहे."

"आत टांगून बघा ना, साहेब."

"मला अक्कल शिकवू नकोस. तुझाच हात कापतो. उद्यापासून तुझी कामं बंद."

"कामं मरू द्या. माझ्या बहिणीचं बाळ झोपतं तिथे."

"मग झोपू दे की."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीने बाळाला आतल्या खोलीत गादीवर निजवलं, दोन्ही अंगांना उशा लावल्या, आणि ती दूध तापवायला गेली. गवंडी बाहेर हत्यारं आवरत होता.

आतून आवाज आला... सर्रर्र. चादर ओढल्यासारखा.

मग काहीच नाही.

दोघं धावले. गादी जागेवर. उशा जागेवर.

बाळ त्याच मागच्या कोपऱ्यात... भिंतीला गाल लावून गाढ झोपलेलं. जे पोर अजून कुशीवरही वळत नाही, ते.

बहिणीने उचलायला हात घातला. उचलेना. गवंड्याने दात-ओठ खाऊन ओढलं, तेव्हा कुठे ते सुटलं.

मग बहीण स्वतः ऑफिसात गेली. "दुसरं क्वार्टर रिकामं नाही, थांबावं लागेल." झालं. आता ती बाळाला घेऊन व्हरांड्यात झोपते. कुडकुडत.

काल गवंडी तिथे बसला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. मांडीवर बाळ, आणि बाळाचं मऊ जावळ...

सगळं एका बाजूला झुकलेलं.

आतल्या खोलीकडे.

साहेब, गवंडी दारुडा आहे, आंधळा आहे, काय हवं ते लिहा. पण त्या बाईला दुसरं क्वार्टर देताय की नाही? आजच सांगा.