गिरजाच्या आवाजाचा गजर

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबतो.

झालं? मग ऐका. ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, अश्विनीच्या घरात घडलेली आहे. शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. पुरावा मागू नका, तो माझ्याकडे नाही. असता तर मी एव्हाना शांत झोपलो असतो.

गाव मेहकर तालुक्यातलं. हिवरा आश्रमाच्या पुढं. याहून जास्त सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. सुरुवात झाली ती भादव्यातल्या एका पहाटे.

बीटी कापसाचे दिवस होते. सगळा जिल्हा त्याच्या मागं धावत सुटला होता. कोणाचं पिकलं, कोणाचं जागेवर जळालं. अश्विनीच्या नवऱ्याचं, सहदेवचं, मात्र बरं चाललं होतं. कारण तो कापूस विकत नव्हता, कापसाचं बियाणं तयार करत होता. कंपनीचा प्लॉट होता त्याच्याकडे.

आता बियाण्याचा प्लॉट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. तिथं फुलाचं लग्न माणसाच्या हातानं लावावं लागतं. क्रॉसिंग म्हणतात त्याला. दुपारी बायकांनी एकेक कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची आणि वर लाल कागद घालून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढायचा, नर फूल घासायचं. ऊन चढलं की संपलं. ती कळी वाया गेली.

म्हणून बायका पहाटेच उठल्या पाहिजेत. स्वयंपाक, आंघोळ उरकून सकाळी सरीत उभ्या पाहिजेत.

सहदेवच्या प्लॉटवरच्या बायका जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. शेताकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. दिवसभर वाकून काम करून मेल्यासारख्या झोपायच्या. सहदेव रोज पहाटे दार बडवायचा, शिव्या घालायचा, तरी निम्म्या उठायच्या नाहीत.

अश्विनी नांदुऱ्याची. लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. लग्नात वडिलांनी तिला तिचाच जुना कॉम्प्युटर दिला होता. डबा मॉनिटर, पिवळा पडलेला सीपीयू. चालू होईपर्यंत चुलीवर चहा उकळून व्हायचा. सासरी त्याचा उपयोग एवढाच, की त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून वर फुलदाणी ठेवायची.

एक दिवस सहदेवनं विचारलं, याच्यातून ठरल्या वेळेला गाणं वाजवता येईल का?

अश्विनीला काय आनंद झाला! त्या घरात पहिल्यांदा कोणी तिला तिच्या विद्येचं काही विचारलं होतं. तिनं दोन दिवस खपून सगळं बसवलं. लोडशेडिंगची बोंब होती, म्हणून इन्व्हर्टरवर जोडला. घरापासून शेडपर्यंत वायर नेली, पत्र्यावर भोंगा बांधला. पहाट झाली की कॉम्प्युटर आपोआप गाणं लावायचा.

पण सिनेमातल्या गाण्यांवर बायका अजूनच गुरफटून झोपायला लागल्या.

मग अश्विनीला गिरजा आठवली.

गिरजा त्या बायकांमधली सगळ्यात लहान. नवरा गुजरातेत कामाला गेलेला, ही सासूबरोबर प्लॉटवर. आवाज असा, की ऐकणाऱ्याचा हात थांबावा. भुलाबाईचे, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचे, दिवस आले, की संध्याकाळी ती गाणं म्हणायची आणि बाकीच्या तिची ओळ झेलायच्या. अश्विनीनं तिला घरी बोलावलं, माईक हातात दिला आणि तिच्याच मनातलं एक उठवणीचं गाणं भरून घेतलं.

*भुलाबाई माय वं, चांदणी मावळली,*
*उठ उठ लेकी आता, गाय हंबरली.*

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका एका हाकेत उठल्या. गिरजा तर आपलाच आवाज पत्र्यावरून ऐकून पोट धरून हसली.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

एका दुपारी सहदेवनं फवारणी काढली. बायका सरीत वाकलेल्या आणि पंपवाले त्यांच्याच बाजूनं चाललेले. बायकांना बाहेर काढलं असतं तर दुपारचं कळ्या सोलणं बुडालं असतं. मोठं औषध होतं, जहाल विषच. संध्याकाळी गिरजाला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांतून पाणी थांबेना. अश्विनी म्हणाली, मेहकरला डॉक्टरकडं नेऊ. सहदेव म्हणाला, लिंबू पिळून दे, होईल बरी.

पहाटे गाणं वाजलं. सगळ्या उठल्या. गिरजा उठली नाही.

"झोपू द्या ना भाऊ थोडं," ती म्हणाली. एवढंच.

सहदेवनं काय करावं? घरातला छोटा स्पीकर लांब वायरला जोडून आणला, तिच्या उशाशी ठेवला आणि तिचंच गाणं पूर्ण आवाजात तिच्या कानात सोडलं. ती उठेपर्यंत बंद केलं नाही. अश्विनी दारात उभी होती. बंद कर म्हणायचं सोडून ती त्या वायरकडं बघत राहिली.

गिरजा उठली. भिंतीला धरून उठली, सासूनं हात दिला. ऊन चढायच्या आत सरीतच पडली आणि गेली.

उन्हाची चक्कर आली, असं सगळीकडं सांगितलं गेलं.

मला राग कशाचा येतो सांगू? त्याच्या पुढच्या पहाटेचा. अश्विनीनं रात्री हात जोडले होते, आता ते गाणं तरी काढून टाकू. तो म्हणाला, "गाणं बदललं तं बाया उठतीन का? काम आता कुठं जोरात आलं."

आणि पहाटे गिरजा गायली...

शेडमधल्या बायका ताडकन उठून बसल्या. कोणी कोणाकडं बघेना. गिरजाची सासू, सरस्वतीबाई, अंधारात उठून बाहेर गेली. शेडच्या भोवती फिरली. विहिरीपाशी जाऊन आली. सुनेला शोधत होती बिचारी. मग भोंग्याखाली येऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत वर बघत राहिली.

हंगाम संपेपर्यंत सहदेवनं रोज तेच गाणं वाजवलं. मेलेल्या बाईला कामावर ठेवलं होतं त्यानं.

शेवटचं बोंड वेचून झालं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. बायका आपापल्या गावी गेल्या. अश्विनीनं भोंगा उतरवला, कॉम्प्युटरची वायर काढली, वर रुमाल टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे...

गाणं सुरू झालं.

अश्विनीला वाटलं, स्वप्न आहे. शेजारी सहदेव उठून बसला होता. त्यानं विचारलं, बंद केलं नाही का? ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. मॉनिटर काळा होता. वायर गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली होती. इन्व्हर्टरचा दिवासुद्धा विझलेला.

आवाज मात्र कोनाड्यातल्या त्या छोट्या स्पीकरमधूनच येत होता.

गाणं संपलं. जरा वेळ नुसती खरखर. आणि मग अगदी जवळून...

"झोपू द्या ना भाऊ थोडं."

अश्विनीनं हे कधीच भरून घेतलं नव्हतं. ते गिरजा बोलली तेव्हा माईक घरात पेटीत होता.

भंगारवाल्याला तिनं कॉम्प्युटर स्पीकरसकट फुकट दिला. गाडी फाट्यापर्यंत जाईस्तोवर दारात उभी राहिली. त्या रात्री दोघं निवांत झोपली.

पहाटे गाणं आलं. आता ते कोनाड्यातून येत नव्हतं. सहदेवच्या उशाशी वाजत होतं.

शेवटचे शब्दही बदलले होते.

"उठा भाऊ. फुलं उमलली."

आणि सहदेव उठला. डोळे मिटलेलेच. चपला न घालता शेताकडं चालायला लागला. अश्विनी मागं धावली, हाका मारल्या, दंड धरून ओढलं. तो माणूस तिच्या हातून असा सुटला जसा ओला साबण. रान मोकळं होतं. पऱ्हाट्या आधीच उपटून झाल्या होत्या. तो एका सरीत वाकला आणि हवेतच काहीतरी धरून अंगठ्याच्या नखानं सोलायला लागला.

एक कळी. दुसरी कळी. पुढं सरकायचा.

ऊन चढलं तेव्हा भानावर आला. आपण इथं कसे, त्याला कळेना. अंगठा बघून तर तो रडायलाच लागला. नख हिरवंगार झालं होतं... त्या रानात हिरवं पानसुद्धा नव्हतं.

मग रोजच.

डॉक्टर झाले. झोपेच्या गोळ्या झाल्या. बाहेरून कडी लावली, तर कडी लागलेलीच आणि माणूस शेतात. अश्विनीनं त्याला नांदुऱ्याला माहेरी आणलं, तर तिथंही पहाटे तो उठून अंगणात वाकला, म्हणून परत गावी नेलं. गाणं दर पंधरवड्याला थोडं अलीकडं यायला लागलं. आधी पहाटे, मग पहाटेच्या आधी. झोप अशी उरलीच नाही. दुपारी डोळा लागला तरी उशाशी खरखर सुरू व्हायची. दांडगा गडी होता, त्याचं चिपाड झालं.

एकदा त्यानं अश्विनीचा हात धरला आणि म्हणाला, "मले वाचव वं. मले फक्त झोपू दे म्हणावं तिले."

नवऱ्यानं केलं ते वाईट, हे अश्विनीला माहीत होतं. पण नवरा तो नवराच. ती एकटीच निघाली. खामगाववरून जळगाव जामोद, तिथून मिळेल त्या जीपनं पायथ्याचं गाव.

सरस्वतीबाई दारात तूर पाखडत होती. तिनं अश्विनीला ओळखलं, पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. अश्विनीनं सगळं सांगितलं. रडली, पाय धरले. तुमचं ती ऐकेल, एकदा चला, एकदा तिला थांब म्हणा.

सरस्वतीबाईचं सूप थांबलं नाही.

"हाव," ती म्हणाली, "माहं ऐकते ती. जितेपनी ऐके, आताबी ऐकते."

"मग चला ना मावशी."

"म्याच तं तिले सांगतलं, गात राय म्हून."

अश्विनीला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. सरस्वतीबाईनं सूप खाली ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुह्या नवऱ्यानं मेलेल्या पोरीच्या आवाजानं मले उठवलं, बाई. रोज उठवलं. रोज मले वाटे, जिती हाय. रोज म्या तिले पुन्हा मेलेली पाह्यली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापासून मले झोप नव्हती. आता तो जागा राह्यते तं मले लागते. मी काऊन थांबवू?"

अश्विनी गोणपाटावरून उठली आणि जीपच्या वाटेला लागली.

ती परत आली तेव्हा उशीर झाला होता. सहदेव शेतात सापडला, त्याच सरीत, पालथा. अंगावर कुठं खूण नाही. हात पुढं पसरलेला, अंगठा अजून वाकडाच.

तुम्हाला खरं सांगतो, अश्विनी रडली, पण तिला हायसंही वाटलं. तिनंच मला हे सांगितलंय. सुटला बिचारा, असं तिला वाटलं. आता तरी झोपेल.

राख सावडून झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सवयीनं जागी झाली. बाहेर सगळं शांत होतं. कुत्रं नाही, कोंबडा नाही. काही नाही...

मग गिरजानं पहिली ओळ म्हटली.

आणि थांबली. भुलाबाईच्या गाण्यात म्हणणारी थांबते तशी, मागच्यांनी ओळ झेलावी म्हणून.

त्या शांततेतून एक घोगरा, पुरुषी आवाज उठला...

*उठ उठ लेकी आता, गाय हंबरली.*

सहदेव जन्मात कधी गायला नव्हता. पण आपल्या माणसाचा आवाज बाईला ओळखता येतोच.

अश्विनी आता नांदुऱ्याला असते, शिवणकाम करते. ती पुन्हा पायथ्याच्या गावी गेली होती. या वेळी नवऱ्याला सोडवायला नाही, त्याला नुसतं निजू दे एवढं मागायला. सरस्वतीबाई वारली होती. झोपेतच गेली म्हणाले, अगदी शांत. आता गिरजाला थांब म्हणणारं कोणी उरलं नाही.

मागच्या भादव्यात मी कामानं नांदुऱ्याला गेलो, अश्विनीकडं मुक्काम केला. तोपर्यंत माझा यावर विश्वास नव्हता. मी तिला समजावत होतो, मनाचे खेळ आहेत म्हणून.

पहाटे मला जाग आली.

आधी ती गायली. ताजा, मोकळा आवाज, जसा आत्ताच माईक हातात दिलाय. मग तो. इतका दमलेला आवाज मी जिवंत माणसाचा कधी ऐकला नाही. एकेक शब्द ओढून आणत होता. ओळ अर्ध्यावर आली आणि त्याचा आवाज तुटला.

मला वाटलं, संपलं.

गिरजानं आपली ओळ पुन्हा म्हटली. थोडी मोठ्यानं.

तो गप्प.

तिनं पुन्हा म्हटली. आणखी मोठ्यानं. पुन्हा. आता भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. माझ्या छातीत ते गाणं वाजत होतं. पलीकडं अश्विनी उठून बसलेली, दोन्ही हात तोंडावर दाबलेले, आणि ती बाई तीच ओळ म्हणत होती, म्हणत होती...

तो पुन्हा गायला लागेपर्यंत.