करड्या ओळी

आमच्या डायलिसिस केंद्रात आठ मशीन आहेत आणि सकाळच्या पाळीला माणसं नऊ, कधी दहा. म्हणून आदल्या दिवशी दुपारी चार वाजता प्रत्येकाला निरोप जातो : उद्या येणार असाल तर १ पाठवा. पहिल्या आठ उत्तरांना जागा मिळते, उरलेल्यांना कळवलं जातं, 'उद्या जागा नाही, परवा याच वेळी या.' पूर्वी हे सगळं काउंटरवरच्या बाई फोनवर करायच्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसला आणि ते काम माझ्याकडे आलं. मी मूळची बायोकेमिस्ट. रक्ताचे अहवाल बघते. पण संगणकाचं काही अडलं की सगळे माझ्याच टेबलाशी येतात.

मी क्लाउडवरची एक सेवा वापरायचं ठरवलं. तिच्यात कनेक्टर नावाचे तयार दुवे मिळतात. एक रुग्णांची यादी वाचून निरोप पाठवतो, एक उत्तरं गोळा करतो, एक वजनकाट्यावरचा आकडा यादीत टाकतो. रुग्ण आल्यावर काट्याला आपलं कार्ड दाखवून वर उभा राहतो. उपचार संपला की पुन्हा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे अंगातून काढलेलं पाणी.

"डॉक्टरीणबाई, माप नीट घ्या," शिंपीकाका काट्यावर चढताना दर वेळी म्हणायचे. "मागच्या खेपेला कमरेत सैल झालं होतं." मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. दोन बस बदलून यायचे, आणि तरी सगळ्यांच्या आधी.

प्रत्येक कनेक्टरला मर्यादा असतात. त्या मी वाचल्या होत्या. उत्तरं दर पंधरा मिनिटांनी एकदाच तपासली जातात. एका अंकापेक्षा लांब उत्तर घेतलं जात नाही. अगदी शेवटची ओळ मात्र माझ्या नजरेतून सुटली : कनेक्टरला यादीतली अक्षरं दिसतात, रंग दिसत नाही.

आमच्याकडे गेलेल्या रुग्णाची ओळ कुणी पुसत नसे. बाई ती करड्या रंगाने रंगवून ठेवत.

"तुमचं यंत्र आंधळं आहे हो," पहिल्याच संध्याकाळी बाई म्हणाल्या. "हेडमास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना उद्याची जागा दिलीय त्याने!"

"निरोप गेला असेल चुकून. पण जागा? त्याला उत्तर यावं लागतं."

"आलंय की. त्यांचं, आणि आणखी दोन करड्यांचं."

नंबर दुसऱ्या कुणाला मिळाले असतील, असं मी म्हटलं आणि मलाही ते पटलं. तिन्ही नंबर लावून पाहिले. तिन्ही बंद होते. ज्या जिवंत माणसांना 'जागा नाही' गेलं होतं, त्यांना बाईंनी बसल्या घशाने फोन करून परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी यादीत हेडमास्तरांच्या ओळीपुढे आकडा होता. सात वाजून दोन मिनिटं, ५४.६.

"मी काट्यासमोरच होतो, मॅडम," आमचे ब्रदर म्हणाले. "कुणी नव्हतं." मग हातमोजे काढता काढता म्हणाले, "काटा हलला मात्र. मला वाटलं, माझाच पाय लागला."

मी वीस किलोची वजनं ठेवून काटा तपासला. ग्रॅमचीही चूक नव्हती.

उपाय सोपा होता. यादीत एक नवा रकाना घातला. गेलेल्यांपुढे 'बंद' असं लिहायचं. शब्द कनेक्टरला वाचता येतो. बाई करड्या ओळींचे क्रमांक सांगत होत्या, मी लिहीत होते. एकशे अठराला त्या थांबल्या.

"ही तुमच्या ताईंची."

ताईला जाऊन अकरा महिने झाले होते. तिचं कार्ड अजून माझ्या पर्समध्ये होतं.

"ही मी नंतर करते."

"करा हं नक्की," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

मी केली नाही.

चार वाजता निरोप गेले. सव्वाचारला सात उत्तरं आली. साडेचारला दोन, एकाखाली एक. आठवं एकशे अठराचं : १. नववं शिंपीकाकांचं.

त्यांना 'परवा या' गेलं. परत बोलवायला मी त्यांना फक्त एक फोन करायचा होता, इतकंच. त्यांच्या मागच्या उपचाराला तीन दिवस झाले होते, सकाळी ते नुसतं रक्त देऊन गेले होते, त्यात पोटॅशियम सहाच्या वर होतं; आणखी चढलं तर हृदय बंद पडतं. त्या आकड्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. एकच दिवस, असं मी मनात म्हटलं आणि संगणक बंद केला.

सकाळी मी काट्याजवळ उभी होते. पर्स घट्ट धरून.

सात वाजून चार मिनिटं. ४१.८.

आठव्या खुर्चीचं रेक्झिन हळूच दबलं. पुन्हा वर आलं नाही.

"तिथे कुणाला घेऊ, मॅडम?"

"कुणाला नाही."

ब्रदरनी माझ्याकडे पाहिलं आणि ते दुसऱ्या टोकाला गेले. मी स्टुलावर बसून राहिले. ताईच्या हातांना लावायच्या मलमाचा वास येत होता. चार तास मी उठले नाही. तीही नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं. ३९.९.

रेक्झिन वर आलं.

दुपारी बाईंनी शिंपीकाकांच्या घरी फोन केला, उद्या लवकर या सांगायला. फोन सुनेने उचलला. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी यादी उघडून करडा रंग निवडला.

त्या संध्याकाळी एकशे अठरापुढे मी माझ्या हाताने 'बंद' लिहिलं. काकांपुढेही. ताईच्या ओळीत त्यानंतर काही उमटलं नाही.

काकांना आता निरोप जात नाही, म्हणून जागाही मिळत नाही. त्यांच्या सुनेने आणून दिलेलं कार्ड माझ्या खणात आहे. अंगातलं पाणी काढल्यावर त्यांचं कोरडं वजन अठ्ठावन्न भरायचं. 'बंद' लिहिल्यावर पहिल्याच सकाळी, सगळ्यांच्या आधी, त्यांच्या ओळीत आकडा आला : ६३.४. दुसऱ्या दिवशी ६४.५.

ओळ पुन्हा उघडली तर कुणा एकाला 'परवा या' जाईल. रोज आठही जागा भरतात.

आज ७१.२.

काट्याचं माहितीपत्रक मी या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. काट्याची मर्यादा दीडशे किलो आहे.