रिकाम्या बाजाराचा आवाज

ऑफिसात तिला सगळे चिवचिव म्हणायचे. का, ते विचारूच नका. पोरीचं तोंड म्हणून मिटायचं नाही! लिफ्टमध्ये अनोळखी माणूस भेटला, तरी तिसरा मजला येईपर्यंत त्याच्या गुडघेदुखीची सगळी कहाणी हिला पाठ झालेली असायची.

तर त्या दुपारी ही चिवचिव ऑफिसच्या जीपमध्ये, मांडीवर आवाज मोजायचं मीटर घेऊन, ड्रायव्हर मामांचं डोकं खात किनाऱ्याकडे निघाली होती. काम तसं फुटकळ. खाडीकाठानं उंच भरावाचा नवा रस्ता होणार होता. वादळ येवो नाहीतर भरती, बुडणार नाही असा. रस्त्याच्या तोंडाशी, जुन्या बाजाराच्या जागेवर, उंच जोत्याचा नवा बाजार. काम सुरू व्हायच्या आधी तिथलं पाणी, हवा, आवाज सगळं मोजून अहवाल द्यायचा असतो. पाणी झालं होतं, हवा झाली होती. आवाज तेवढा राहिला होता.

"ओसाड जागेत कसला आवाज मोजता?" मामांनी विचारलं.

"तेच तर मोजायचं, मामा! आत्ता किती शांत आहे ते. म्हणजे उद्या मशिनं आली की कळेल, गोंगाट किती वाढला."

"म्हणजे शांतता मोजायला डिझेल जाळत एवढ्या लांब आलो. बरं आहे तुमचं."

ती खो खो हसली. पण खरं सांगायचं तर तिच्यासाठी हे काम फुटकळ नव्हतं. आज अहवाल गेला, तर पावसाआधी निदान भराव तरी पडणार होता. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, त्या शेवटच्या गावात, तिची सख्खी ताई राहायची. सहावा महिना. तारीख ऐन पावसातली. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता कमरेएवढ्या पाण्यात होता. दाजींनी होडी मिळवली, पण उशिरा. त्या बाळाचं नाव ठेवायची वेळच आली नाही.

बाजारापाशी जीप थांबली. आभाळ दाटलेलं, वारा मेलेला. सिमेंटच्या ओट्यांच्या रांगा, वर अर्धवट उडालेले पत्रे, ओट्यांवर वाळलेल्या चिखलाची पापडी. मीठ आणि कुजलेल्या शेवाळाचा वास असा, की घशाला चिकटावा. वादळाच्या दिवशी समुद्र इथं भर बाजारात शिरला होता. रस्ता त्याच्या आधीच बुडालेला. पळायला वाटच नव्हती कुणाला. तेव्हापासून तिथं कुणी फिरकत नसे.

"मी गाडीपाशी थांबतो," मामा म्हणाले. "तुम्ही उरका."

तिनं मधल्या मोकळ्या जागेत स्टँड उभा केला, वर मीटर बसवलं, चालू केलं. अशा निवांत जागी आकडा फार तर चाळीसच्या आसपास हवा.

आकडा ऐंशीवर होता.

तिनं कान दिला. काही नाही. कावळासुद्धा नाही. मीटर बंद करून पुन्हा चालू केलं. ऐंशी. तपासणीचं यंत्र लावून बघितलं, मीटर ठणठणीत. ऐंशी म्हणजे भरलेला बाजार. भाव करणारी माणसं, हाका, भांडणं, पोरांची रडारड.

"मामा! जरा इकडे या!" ती ओरडली.

आणि आकडा धाडकन खाली पडला. तिच्या ओरडण्यानं वर जायचा, तो पार तळाला गेला. ती गप्प झाली. मग हळूहळू... जरासा वर. आणखी जरासा. आणि पुन्हा ऐंशी.

मामा येऊन शेजारी उभे राहिले. त्यांना दाखवायला म्हणून तिनं नुसतं "हॅलो" म्हटलं. आकडा कोसळला.

"बिघडलंय," मामा पुटपुटले.

"नाही मामा..." ती मीटरवरची नजर न काढता म्हणाली. "वर्गात बाई आल्या की पोरं कशी गप्प होतात... तसं आहे हे. मी बोलले की ते थांबतायत. ऐकायला."

"चला. आत्ताच्या आत्ता निघू."

पण निघून कसं चालेल? एकदा मोजणी सुरू केली की मीटर आकडे आपले आपण साठवतं, खाडाखोड करायची सोय नाही. ऐंशी दिसला, की जागा वापरात आहे म्हणून अहवाल परत येणार, फेरमोजणी होणार, आणि तोवर पाऊस. ताईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. मग तिनं तिला जमणारी एकच गोष्ट केली. ती बोलायला लागली.

गावोगावच्या बैठकांत करायची तेच भाषण. "नमस्कार मंडळी. इथं आता नवा बाजार होणार आहे, भराव पडणार आहे... तेव्हा ही जागा सोडावी लागेल. कुणाची काही हरकत?"

आकडा तळाला. ती थांबली. तो इंचाइंचानं वर सरकू लागला, अस्वस्थ कुजबुज असावी तसा. ती घाबरली, आणि घाबरली की तिची जीभ आणखी सुटायची.

"अहो, सोय होईल सगळ्यांची! नाहीच झाली, तर या रस्त्याच्या पार त्या टोकाला माझी ताई राहते. खुशाल तिच्याकडे जा! तिच्याकडे जागाच जागा आहे!"

आणि एकटीच हसली.

मामांनी तिचा दंड घट्ट धरला. "अहो... काय बोलून बसलात? असल्या ठिकाणी घरचा पत्ता देतात का कुणी?"

ओल्या कपड्यांचा वास आला. एकदम नाही. एक झुळूक अंगावरून गेली, मग दुसरी, मग किती तरी. गर्दीत माणसं खेटून जातात तशी. सगळ्या एकाच दिशेनं. मग कुठून तरी वारा सुटला, पत्रा करकरला, लांब कावळा ओरडला. आकडा अडतीस. ती गप्प उभी राहिली, तरी अडतीसच.

मग तिनं मोजणी सुरू केली, ती बिनबोभाट पार पडली. जीपमधूनच तिनं आकडे पाठवले. परतीच्या वाटेवर ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला, "शाब्बास गं! मंजूर होईल हे, धर पक्कं." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मामा मात्र समोर बघत गाडी हाकत होते. तिनं लगेच ताईला फोन लावला.

"ताई! झालं! रस्ता होणार!"

"अगं खरंच?" ताई हसायला लागली, मग विव्हळली, मग पुन्हा हसली. "आई गं... थांब जरा. दुपारपासून हे काय चाललंय कोण जाणे. एवढे दिवस कसं शांत होतं बाळ. आणि आता इकडून लाथ, तिकडून लाथ, सगळीकडून एकदम. नुसता बाजार भरलाय पोटात. एका जिवाला हातपाय असतात तरी किती गं?"

चिवचिवनं मामांचा दंड धरला. मामांनी जीप कडेला घेतली.

"बोल ना. फोन पोटाला लावते, मावशीचा आवाज ऐकू दे त्याला... अगं, आहेस ना? तू कधीपासून गप्प बसायला लागलीस?"

"ताई..." ती कशीबशी म्हणाली. "ताई, तू ठीक आहेस ना?"

मग ताईचा हरखलेला, हलका आवाज.

"अगंबाई... थांबलं बघ. एकदम चिडीचूप. ऐकतंय गं तुझं. बोल... अजून बोल."